सासऱ्यांच्या नावाचा पाट

मे महिन्यापासून मी शाळेत जाताना वाट वाकडी करून पाटाच्या दारांपाशी जाते. दारं दोन आहेत. एक आमच्या बेश-तेरेक गावाकडे पाणी सोडतं, दुसरं खाली तास-उत्केलकडे. तास-उत्केल तारेच्या कुंपणापलीकडे, कझाकस्तानात आहे, आणि माझी मुलगी आयसाल्किन तिथे दिलेली आहे. खालचं दार कोरडं आहे की ओलं, हे पाहिल्याशिवाय माझं वर्गात लक्ष लागत नाही. मुलांना मुळं पाणी कशी शोषतात ते सांगताना माझा आवाज मधेच थांबतो आणि मुलं एकमेकांकडे बघतात.

त्या दारांचं लोखंडी हँडल माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे, कालीमानकडे होतं. लिहायचं आहे ते त्यांच्याविषयी, पण मुलीच्या काळजीतून बाजूला होऊन लिहायला मला जमेल असं वाटत नाही.

जाऊबाई साठीच्या आहेत. रुंद खांदे, पायांत पुरुषांचे रबरी बूट, डोक्याला कायम एकच जांभळा रुमाल. हँडल खांद्यावर टाकून त्या निघाल्या की लांबून वाटतं, शिकारीला निघाल्यात. आमचे थोरले दीर गावचे पाटकरी होते. ते गेले तेव्हा घेवड्याला दुसरं पाणी द्यायचे दिवस होते. नवीन माणूस कोण यावर गावात चर्चा सुरू झाली, आणि ती संपायच्या आत जाऊबाईंनी चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकून पाणीपाळी लावूनही टाकली. चौकातला एक म्हातारा म्हणाला की बाईच्या हाती गावाचं पाणी कसं द्यायचं. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "घरात चहा कोण ओततं? तेव्हा विचारतोस का, ही बाई माझा पेला अर्धा ठेवील म्हणून?" म्हातारा स्वतःच हसला. तेव्हापासून हँडल त्यांच्याकडे.

पाणी चोरणारा त्यांना वासावरून कळतो, असं लोक म्हणायचे. कळायचं ते चिखलावरून. सकाळी दुकानात उभ्या असल्या की त्या आधी सगळ्यांचे बूट बघायच्या. पाळी नसताना कोणाचा बूट ओला दिसला की त्याला काही बोलायच्या नाहीत. त्याच्या बायकोला गाठायच्या आणि म्हणायच्या, "तुझा नवरा पहाटे कुठे जातो गं, बघ जरा." बायको घरी जाऊन जे बघायचं ते बघून घ्यायची.

हा पाट आमच्या सासऱ्यांनी खणवला. दोन्ही गावांना हाक घालून, कुदळी-फावडी घेऊन, मजुरीविना. तेव्हा कुंपण नव्हतं. दोन प्रजासत्ताकं होती, पण निशाण एकच होतं, आणि खालचे लोक सकाळी घोड्यांवरून खणायला यायचे. पाट पुरा झाल्यावर दोन्ही राजधान्यांच्या शिक्क्यांचा करार झाला, की उन्हाळ्यात पाटाचं एक तृतीयांश पाणी खालच्या गावाला. करारात पाटाला नाव दिलं ते सासऱ्यांचं. ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. आमच्यात सून सासऱ्यांचं नाव घेत नाही, थोरल्या दिराचंही नाही. मी कॉलेजात शिकले, शाळेत शिकवते, तरी ते नाव माझ्या हातून उतरत नाही. आम्ही सुना त्यांना 'मोल्दोके' म्हणायचो, म्हणजे चार अक्षरं वाचलेला वडीलधारा माणूस.

यावरूनच पुढचं सगळं झालं. जाऊबाई नव्या नवरी असताना नकाशा काढणारे लोक गावात आले होते. घरी पुरुष कोणी नव्हतं. जाऊबाई दारात धुणं वाळत घालत होत्या. नकाशावाल्याने पाटाकडे हात करून विचारलं, याचं नाव काय? आता नाव तर सासऱ्यांचं. जाऊबाई लाजून भिंतीकडे वळल्या. त्याने पुन्हा विचारलं. शेवटी त्या पुटपुटल्या, "मोल्दोकेंचा." त्याने लिहून घेतलं, ताक प्यायला, आणि गेला. संध्याकाळी सासऱ्यांना कळलं तेव्हा ते इतके हसले म्हणे, की खोकला लागला. पुढे मी लग्न होऊन आले तोवर हा घरातला ठरलेला विनोद झाला होता. पाहुणे आले की दीर सांगायचे, "आमच्या हिने सरकारचा नकाशा बदललाय," आणि जाऊबाई त्यांच्या पाठीत फडकं मारायच्या. गावात ही गोष्ट ठाऊक नाही असं घर नाही.

मग दोन देश झाले, कुंपण आलं, नाका आला. करार कोणी काढून बघितला नाही, कारण गरजच पडली नाही. दीर एक तृतीयांश पाणी खाली सोडत राहिले आणि त्यांच्यामागे जाऊबाई सोडत राहिल्या. आयसाल्किनचं स्थळही जाऊबाईंनीच आणलं. खालच्या गावचे पाटकरी तोरेगेल्दी दर वसंतात गाळ काढायला माणसं घेऊन वर यायचे. त्यांचा मुलगा जाऊबाईंच्या डोळ्यांत भरला. मला पोरीला परदेशात द्यायची नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, "कसला परदेश? आपल्या पाटाच्या शेपटाला तर आहे ते घर. पाण्यावर चिठ्ठी सोडलीस तर दुपारपर्यंत पोचेल." मी हो म्हटलं.

गेल्या वर्षी डोंगरावर बर्फच कमी पडला. जूनमध्ये नदी घोट्याएवढी झाली. आमच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की खालचं दार बंद. हे काम जाऊबाईंच्याच हातून झालं. त्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि सूर्यफुलाच्या बिया सोलून नुसत्या ओच्यात टाकत राहिल्या. एक दाणा तोंडात टाकला नाही.

खालच्यांनी उत्तर दिलं ते नाक्यावर. आमच्या दुधाला नवीन दाखला लागेल, घेवड्याला नवीन तपासणी लागेल. दुधाच्या गाड्या उन्हात उभ्या राहिल्या आणि दूध नासलं. आमच्याकडे मग कोणी म्हणालं की बरं झालं, आता तर थेंबही सोडायचा नाही. खाली तोरेगेल्दींचे बटाटे गोट्यांएवढे राहिले आणि बीट जमिनीतच सुकलं. हिवाळ्यात त्यांनी उत्तरेकडे जायला नाव नोंदवलं. तिकडे सरकार दक्षिणेच्या लोकांना घर देतं, जमीन देतं, कारण माणूस राहत नाही. तीन दिवसांची आगगाडी. तिकडच्या थंडीत दाराची कडी उघड्या हाताने धरली तर कातडी निघून येते, असं तिथे सैन्यात राहिलेला आमचा एक शेजारी सांगतो. त्याला मी पुन्हा पुन्हा विचारते आणि घरी येऊन पस्तावते.

आयसाल्किन मला आपा म्हणते, म्हणजे आई. ती फोनवर म्हणाली, "आपा, सासरे म्हणतात, या उन्हाळ्यातही पाणी आलं नाही तर शरद लागला की निघायचं. मी काय म्हणू?"

मी म्हटलं, काही म्हणू नकोस. म्हणजे काय, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग दोन्ही देशांचा संयुक्त आयोग नेमला गेला, आणि तो गावातच येऊन बसणार असं ठरलं. आमच्या बाजूने राजधानी बिश्केकहून एक वकील आधीच येऊन राहिले. सभ्य माणूस, हळू बोलणारा. त्यांनी गावकऱ्यांना बोलावून सांगितलं की खालच्यांकडे करार आहे आणि शिक्के खरे आहेत. पण करारात ज्या नावाचा पाट आहे, त्या नावाचा पाट आपल्या नकाशावर नाही. आपला पाट मोल्दोके. तेव्हा तुम्ही खोटं काही बोलू नका, फक्त नकाशावर आहे तेवढं बोला. हे ऐकून सगळे खाली बघून हसले. ग्रामपंचायतीच्या वतीने बोलणार होता नुरदोलोत, जाऊबाईंचा थोरला मुलगा. त्याचा घेवडा पाटाच्या अगदी टोकाला आहे. खालचं दार उघडलं की पहिलं पाणी त्याचं तुटतं. तो वाईट मुलगा नाही. माझ्याच हाताखाली शिकला. पण गेल्या वर्षी त्याचा अर्धा घेवडा जळला, आणि तेव्हापासून त्याचं बोलणं आखूड झालं आहे.

मी जाऊबाईंकडे गेले. त्या तंदूर सारवत होत्या. थोरल्या जावेला आम्ही एजे म्हणतो. मी म्हटलं, एजे, नकाशावरचं नाव कसं पडलं ते फक्त तुम्हीच सांगू शकता. खालच्या लोकांनी सांगितलं तर आयोग म्हणेल, ते त्यांच्या फायद्याचं बोलतात. मी सांगितलं तर वकील म्हणतील, हिची मुलगी तिकडे आहे, आणि ही तर त्या गोष्टीनंतर गावात आली.

"आणि मी सांगायचं म्हणजे काय करायचं?" त्या हात न थांबवता म्हणाल्या. "सभेत उभं राहून मोल्दोकेंचं नाव घ्यायचं?"

"एका नावाने काय होतंय, एजे."

"मग तू घे. घे ना आत्ता. इथे कोणी नाही, तंदूर आहे फक्त."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि मिटलं. जाऊबाई हसल्या नाहीत.

"बघ, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "तुझी पोर तिकडे आहे, तरी येत नाही. माझा तर पोरगाही इकडे, त्याचं शेतही इकडे."

मला राग आला. वाटलं, ही नावामागे लपते आहे. मुलाच्या घेवड्यासाठी गप्प राहायचंय आणि रीत पुढे करते. तसं मी बोलले नाही, पण निरोप न घेता उठले. पुढचे काही दिवस आम्ही एकमेकींच्या दारावरून मान खाली घालून जात होतो. आयसाल्किनने फोटो पाठवला, चादरीत बांधलेल्या भांड्यांचा. खाली लिहिलं होतं, सासूबाईंनी सुरुवात केली. तो फोटो मी शाळेत, बाजारात, चुलीपाशी, कुठेही काढून बघत होते. एका भांड्याचा दांडा चादरीतून बाहेर आला होता. ते पातेलं मी दिलेलं होतं.

आयोग आमच्या शाळेच्या हॉलमध्ये बसला. मधे लांब टेबल, एका बाजूला आमचे, एका बाजूला त्यांचे, मागे बाकांवर दोन्ही गावचे लोक. तोरेगेल्दी स्वच्छ टोपी घालून आले होते. त्यांनी मला लांबूनच मान लवून नमस्कार केला, व्याह्यांनी करावा तसा. चहाची जबाबदारी बायकांवर होती. जाऊबाई मोठी किटली घेऊन फिरत होत्या. कोणाकडे बघत नव्हत्या.

वकिलांचं बोलणं बराच वेळ चाललं. करार वाचला गेला. नकाशा भिंतीला लावला गेला. आमचे वकील शांतपणे म्हणाले की करार आम्हाला मान्य आहे, पण तो कुठल्यातरी दुसऱ्या पाटाचा आहे. मग खालच्या बाजूची वकीलबाई उठली. तरुण होती, अल्माटीची. तिने नकाशाचा विषयच काढला नाही. तिने नुरदोलोतला विचारलं, "पाट राहू दे. करारात ज्यांचं नाव आहे, तसा कोणी माणूस तुमच्या गावात होता का?"

नुरदोलोतने आमच्या वकिलांकडे बघितलं. वकील कागदात बघत होते. या प्रश्नाची तयारी कोणी केली नव्हती.

"त्या नावाचा कोणी माणूस आम्हाला माहीत नाही," नुरदोलोत म्हणाला.

मागच्या बाकांवर आमच्या गावचे सगळे होते, वयाने पिकलेले, सासऱ्यांच्या मांडीवर खेळलेले. कोणी खोकलंसुद्धा नाही. नवल वाटतं, त्या क्षणी मला आयसाल्किनची आठवण झाली नाही. भिंतीला टेकून चहा पिणारे माझे सासरे आठवले.

जाऊबाईंनी किटली टेबलावर ठेवली, नकाशाच्या बरोबर खाली. टेबलाच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी विचारलं, आपण कोण. त्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "बाळा, उभा राहा. तुझे सात बाप सांग."

आमच्याकडे मूल बोलायला लागलं की पहिलं हेच पाठ करतं. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, असे सात. ज्याला येत नाहीत त्याला लोक गुलामाचा पोर म्हणतात, आणि ही शिवी अजून कोणी विसरलेलं नाही. पाहुण्यांसमोर मुलाला उभं करून म्हणायला लावतात आणि खारका देतात. नुरदोलोतला ते त्याच्या आजोबांनीच शिकवले होते, घोड्यावर पुढे बसवून.

"आई, ही सभा आहे," तो म्हणाला.

"म्हणून तर विचारते. घरी विचारून काय करू? सांग. की मी गुलामाला जन्म दिला म्हणू यांना?"

कोणीतरी मागे हसलं आणि लगेच थांबलं. त्यांच्या बाजूचे लोकही आता नुरदोलोतकडेच बघत होते. कझाकांनाही सात बाप पाठ असावे लागतात, त्यांना काही समजावून द्यावं लागलं नाही. फक्त आमचे वकील गोंधळले होते. ते जाऊबाईंना बसा म्हणायला उठले, तर अध्यक्षांनी हातानेच त्यांना थांबवलं.

नुरदोलोत उभा राहिला. आधी स्वतःचं नाव म्हणाला. मग बापाचं. मग थांबला. मला वाटलं, आता हा निघून जाईल. गेला असता तर मीही त्याला दोष दिला नसता. मग त्याने ते नाव घेतलं. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. पुढचे तर त्याने लहानपणच्या चालीवर भराभर म्हणून टाकले, सातव्यापर्यंत.

"बस," जाऊबाई म्हणाल्या.

मग त्या अध्यक्षांकडे वळल्या आणि धुण्याच्या दोरीपासून ताकापर्यंत सगळं सांगितलं. कोणी टोकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मी नवी सून होते. नाव घेता येईना म्हणून मोल्दोके म्हटलं. त्याने विचारून खात्री करून घ्यायला हवी होती, पण तोही बिचारा दमलेला होता. पाट एकच आहे. तुमच्या करारातला आणि तुमच्या नकाशातला." इतकं बोलून त्यांनी किटली उचलली. ती रिकामी निघाली, म्हणून भरायला बाहेर गेल्या.

मी मागोमाग गेले. पाण्याच्या टाकीपाशी त्या उभ्या होत्या, त्यांना नळ उघडत नव्हता. मी नळ उघडला. त्या म्हणाल्या, "मी नाही हं घेतलं नाव." मी म्हटलं, नाही घेतलं, एजे.

आयोगाने शेवटचा निकाल दिलेला नाही. तो शरदात, आमच्या राजधानीत लागेल. तोवर खालचं दार करारातल्या वाट्याने उघडावं आणि नाक्यावरच्या जादा तपासण्या थांबवाव्यात, असा तात्पुरता हुकूम झाला. दुसऱ्याच दिवशी जाऊबाईंनी हँडल लावून खालचं दार उघडलं. दुपारी आयसाल्किनचा फोन आला. मी विचारलं, पाणी पोचलं का? ती म्हणाली, "आधी तुमच्या गावचा सगळा कचरा पोचलाय, आपा. बाटल्या, एक चप्पल, कोणाचा तरी बादलीचा कान. पाणी मागून येतंय." तिच्या मागे तिचे सासरे कोणाला तरी ओरडून चारी मोकळी करायला सांगत होते. ती हसत होती. मी कचऱ्याबद्दल ऐकून रडले.

पण भांडी अजून चादरीतच आहेत. तोरेगेल्दींनी उत्तरेच्या यादीतून नाव काढलेलं नाही. शरदापर्यंत थांबतो म्हणाले.

आणि गावाने जाऊबाईंकडून हँडल काढून घेतलं. कोणी भांडलं नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई आला, मान खाली घालून उभा राहिला, जाऊबाईंनी ते कोपऱ्यातून आणून दिलं. "तेल घालत जा," एवढंच म्हणाल्या. आता हँडल नुरदोलोतकडे आहे. म्हणजे माझ्या मुलीचं पाणी त्याच्या हातात आहे, ज्याचा घेवडा त्या पाण्यापायी तहानलेला राहतो. तो आईकडे जात नाही. गुरुवारी जाऊबाईंनी, गेलेल्यांसाठी तळतात तशा, सासऱ्यांच्या नावाने सात पुऱ्या तळल्या, शेजारी वाटल्या, आणि एक ताटलीत झाकून त्याच्यासाठी ठेवली. ती संध्याकाळी माझ्याकडे आणून दिली. "खा," म्हणाल्या, "कोरडी होईल."

मी रोज सकाळी दारांपाशी जाते. जाऊबाई तिथे दगडावर बसलेल्या असतात, हँडल नसलं तरी. बियांची टरफलं पायांशी पडलेली असतात. काल मी जास्तच वेळ उभी राहिले असेन. पाणी परवापेक्षा बोटभर कमी वाटत होतं, की डोळ्यांचा भास, ठरत नव्हतं.

"किती बघशील?" त्या म्हणाल्या. "तो बंद नाही करणार."

"कशावरून?"

"दोन गावांदेखत आजोबांचं नाव घेतलंय त्याने. आता दार लावायचं तर कुठल्या तोंडाने लावील?"

मी मान हलवली. घंटा व्हायची वेळ झाली होती. चार पावलं गेले आणि परत फिरून एक काडी उचलली, खालच्या दाराच्या कडेला चिखलात पाण्याच्या रेषेवर उभी रोवली. जाऊबाईंनी ते बघितलं. काडी जरा तिरकी झाली होती, ती त्यांनी बुटाच्या टोकाने सरळ केली.